झेंडूच्या हाराखालचा पाना

मित्रांनो, आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर तक्रार नको. मागल्या वर्षी या कपाटाची काच पुसायला आलेल्या शिपायाने निम्मी गोष्ट ऐकली आणि हातातलं फडकं टाकून निघून गेला. ते फडकं अजून तिथेच पडलंय, बघा. काच तेव्हापासून कुणी पुसलेली नाही.

मी एक जुना टॉर्क पाना आहे. हातभर लांब, मुठीला खाचा, आणि डोक्याच्या बाजूला थोडा गंज. माझ्या दांड्यावर एका परदेशी कारखान्याचं नाव कोरलंय, त्याकडे लक्ष देऊ नका. माझं पोलाद पन्हाळ्यावरच्या एका तोफेचं आहे. ती तोफ म्हातारी झाल्यावर तिने स्वतःच सांगितलं, की बाबांनो, मला वितळवा, पण पोटापाण्याच्या कामाला लावा. उद्यमनगरातल्या एका भट्टीत मला घातलं, तर मी वितळायच्या आधी भट्टीलाच घाम फुटला. तीन दिवस सगळं उद्यमनगर पंख्याखाली बसून होतं. नसेल खरं वाटत तर राहू द्या.

पण आता सांगतो ते मात्र नीट ऐका. कारण ते मी शंभरदा सांगितलंय आणि शंभर वेळा ते खरंच होतं.

साधा पाना नट आवळतो. किती आवळायचा ते त्याला कळत नाही, धरणाऱ्याच्या दंडाला कळतं. माझं तसं नाही. माझी मूठ फिरवली की अंगावरच्या रेघांवर आकडा चढतो. तीस, चाळीस, पन्नास. आकडा चढला की माझ्या पोटातली स्प्रिंग आवळून बसते. मग मला नटावर लावून ओढायचं. नटावर नेमका तेवढा जोर पोचला, की मी 'टक्' म्हणतो. टक् म्हटलं की थांबायचं. टक् म्हणायच्या आधी थांबायचं नाही, आणि नंतर एक केसभरही ओढायचं नाही. उभ्या आयुष्यात मला हा एकच शब्द बोलता आला. बाकीची बडबड मी या कपाटात आल्यावर शिकलो.

आणखी एक नियम. काम झालं की माझा आकडा परत शून्यावर आणून ठेवायचा. आकडा चढवलेला तसाच ठेवला तर पोटातली स्प्रिंग आवळलेलीच राहते, रात्रंदिवस, आणि हळूहळू मरते. मग पाना खोटं बोलायला लागतो. पन्नासचं टक् चाळिसावरच म्हणतो. कृष्णात माझ्याबाबत हा नियम कधीच विसरला नाही. जेवायची सुट्टी झाली तरी आधी मला शून्यावर आणायचा आणि मग डबा उघडायचा.

कृष्णात म्हणजे आमच्या हँगरचा मुख्य मेकॅनिक. बिद्री गावचा. चाळिशी ओलांडलेला, बोलायला कमी, हाताला काळं तेल कायमचं. शहराबाहेरच्या माळावर विमान चालवायला शिकवणारी एक लहानशी संस्था होती. तीन छोटी विमानं, एक पत्र्याचं उंच हँगर, आणि भिंतीवर हत्यारांचा फळा. फळ्यावर प्रत्येक हत्याराची काळी सावली रंगवलेली. हत्यार काढलं की सावली रिकामी दिसते. संध्याकाळी एक जरी सावली रिकामी असली, तरी कृष्णात कुणाला घरी सोडायचा नाही. हत्यार सापडल्याशिवाय विमान हलायचं नाही. असं ते हँगर होतं, मित्रांनो. तिथली माणसं निष्काळजी नव्हती. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे तुम्हाला तसं वाटेल.

आमच्या भागात जोर कमी लावणं म्हणजे अपमान. एकदा गंगावेशीतला एक पैलवान विमान बघायला आला. कृष्णातला म्हणाला, "पावणं, एवढीशी काडी घिऊन नट आवळताय व्हय? द्या हिकडं." त्याने मला धरलं आणि ओढलं. मी टक् म्हटलं. तो थांबला नाही. मी परत टक् म्हटलं. तो ओढतच राहिला. शेवटी मला राग आला आणि मी असा काही झटका दिला, की पैलवान हँगरच्या पत्र्याला भोक पाडून वर गेला आणि रंकाळ्यात पडला. भोक अजून आहे म्हणतात. बोल्ट मात्र तुटला, हे खरं. कृष्णातने तुटलेला बोल्ट त्याच्या हातात दिला आणि म्हणाला, "पैलवान, हितं जोर लावायचा नसतोय. हितं ऐकायचं असतंय."

ते वाक्य संस्थेने रंगवून भिंतीवर लावलं होतं. माझंही कौतुक व्हायचं. बाहेरून साहेब लोक आले की कृष्णात मला पेटीतून काढून दाखवायचा. वर्षातून एकदा मला तपासायला पाठवायचे, आणि परत येताना माझ्या अंगावर नवी चिठ्ठी चिकटलेली असायची, की हा पाना खरं बोलतो. असं लेखी मिळालेली माणसं तुम्ही किती पाहिलीत?

आता स्नेहलबद्दल सांगतो. ती तिथली विद्यार्थिनी. वीस-एकवीस वर्षांची, नेसरी गावची.

काय झालं मागच्या रांगेत? कुजबुजू नका. नेसरीच्या मुलीने विमान चालवलं म्हणून आश्चर्य वाटलं ना? सगळ्यांनाच वाटायचं. तिच्या वडिलांनी मिरचीच्या पैशांवर तिला पाठवलं होतं. पहिल्या दिवशी ती आली ती विमानाकडे गेलीच नाही, फळ्याकडे आली. सगळी हत्यारं बघितली आणि कृष्णातला विचारलं, "अण्णा, ह्यातलं माझ्या जिवाचं कुठलं?"

कृष्णात कधी हसायचा नाही. तो हसला. त्याने माझ्याकडे बोट केलं.

तेव्हापासून ती रोज उडायच्या आधी मला बोटाने टिचकी मारायची आणि म्हणायची, "येतो रे." आमच्याकडच्या मुली असंच बोलतात, 'येते' म्हणत नाहीत. आणि 'जातो' तर ती कधीच म्हणाली नाही.

तर एका वर्षी विमान बनवणाऱ्यांकडून पत्र आलं. आमच्या तीनपैकी एका विमानाच्या इंजिनात तेल गाळायला जुनी जाळी होती. तिच्या जागी नवी गाळणी बसवायची, तर त्यासाठी इंजिनाच्या मागच्या बाजूला एक नवं बूड, म्हणजे गाळणीची बैठक, लावायचं होतं. ते सगळं बूड एका मोठ्या नटावर धरलेलं. नट पंचावन्नवर आवळायचा. सैल राहिला तर इंजिनाच्या थरथरीने हळूहळू सुटत जाणार, तेल गळणार, आणि तेलाशिवाय इंजिन काही मिनिटांत जाम होणार. जागा अशी अडचणीची, की तिथे हात पोचतो पण डोळा पोचत नाही. बघायचं तर बॅटरी आणि दांडीचा आरसा घेऊन वाकावं लागायचं.

म्हणूनच लाल रेघेचा नियम होता. मी टक् म्हटलं, की कृष्णात बारीक ब्रशने नटावरून बुडावर एक लाल रंगाची रेघ ओढायचा. नट जरा फिरला तर रेघ तुटते. मागून तपासणारे साहेब फक्त रेघ बघतात. रेघ आहे, अखंड आहे, म्हणजे नट आवळलेला आहे. शंभर कामांत ही रेघ खरी ठरलेली. तिच्यावर कुणी संशय का घ्यावा?

काम नवरात्रात आलं. सही करणारे अभियंता दत्तप्रसाद साहेब होते. शहरातले, शिकलेले, सभ्य माणूस. कधी कुणाला अरे म्हटलं नाही. ते म्हणाले, "कृष्णात, दसऱ्याच्या मुहूर्तावर हे विमान उडवू या. नवी गाळणी, नवं सीमोल्लंघन. जमेल ना?"

"जमतंय की साहेब," कृष्णात म्हणाला.

खंडेनवमीच्या दिवशी काम जवळजवळ संपलं होतं. कामाच्या कागदावर बारा पायऱ्या होत्या. दहा झाल्या. अकरावी, नट पंचावन्नवर आवळणे. बारावी, लाल रेघ. कृष्णातने नट हाताने बसेल तेवढा बसवला, मला पेटीतून काढलं, माझी मूठ फिरवून आकडा पंचावन्नवर आणला. माझी स्प्रिंग आवळली. मी तयार झालो.

तेवढ्यात तानाबाई आली.

तानाबाई हँगर झाडायची. साठीची. पण खंडेनवमीची पूजा तिची, त्यात साहेबांचंही चालायचं नाही. तिने फळ्याखाली पाट मांडला होता, वर लाल कापड, आणि एकेक हत्यार आणून ठेवत होती.

"कृष्णात, तो पाना दे हिकडं."

"मावशी, एक नट राहिलाय. पाच मिन्टं."

"पाच मिन्टात देव काय पळून जातोय व्हय? पर नवमी जातीया. दुपार टळली की दशमी लागली. आण."

"मावशी, खरंच पाच मिन्टं."

"वरीसभर राबवून घेतोस त्येला. एक दिस देवाच्या म्होरं बसू दे की! का तेवढं बी न्हाय?"

 कृष्णातने मला पाटावर ठेवलं. आकडा तसाच. पूजा झाली की लगेच उचलायचंच होतं, म्हणून त्याने शून्यावर आणला नाही. आयुष्यात पहिल्यांदा. पण तो कच्चा माणूस नव्हता. त्याने एक लाल चिठ्ठी काढली, 'काम अर्धे आहे' असं लिहिलेली, आणि विमानाच्या नाकावरच्या पंख्याला टांगली. पद्धत तशीच होती.

तानाबाईने आम्हाला हळदकुंकू लावलं. झेंडूचा हार घातला. मला सगळ्यात जाड हार. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं कौतुक ते. आणि त्या हाराखाली पडल्या पडल्या मी बघत होतो, की फळ्यावरच्या सगळ्याच सावल्या रिकाम्या आहेत. एरवी माझी एक सावली रिकामी दिसली असती तर कृष्णातला घास गेला नसता. त्या दिवशी सगळ्याच रिकाम्या. एक रिकामी जागा शंभर रिकाम्या जागांत दिसत नाही.

मग तानाबाई कुंकवाची वाटी घेऊन विमानाकडे गेली. चाकांना लावलं, पंख्याला लावलं. इंजिनाचं झाकण उघडंच होतं. तिने आत वाकून बघितलं.

"ह्यातलं नवं कंचं?"

"ते मागचं, चकाकतंय ते," कृष्णात म्हणाला. "पर तिथं हात घालू नगा मावशी, तेलकट हाय."

"नव्या वस्तूला आदी कुक्कू. बाकीची जुनी झाली." आणि तिने ओलं बोट आत घातलं. चाचपून चाचपून नटाला लावलं आणि तसंच पुढं बुडावर ओढलं. लेकराच्या कपाळावर ओढावं तसं, मायेने.

दत्तप्रसाद साहेब नवा शर्ट घालून आले, हातात मोबाइल. "चला, सगळे विमानासमोर उभे राहा. फोटो काढू." मग पंख्याकडे बघून म्हणाले, "ती चिठ्ठी जरा काढा हो. सणाच्या फोटोत 'काम अर्धे' बरं दिसत नाही."

कृष्णातने चिठ्ठी काढली आणि खिशात घातली. फोटो छान आला. त्यात मीही आहे, डावीकडे, हारात.

फोटोनंतर कृष्णात माझ्याकडे आला. हात पुढे केला. तानाबाई आडवी आली.

"आता उद्यापातूर कुणी शिवायचं न्हाय. पूजेतली वस्तू उत्तरपूजा झाल्याबिगर उचलत्यात व्हय? तुझी आय असं करती?"

कृष्णात थांबला. मला ते थांबणं अजून आठवतं. हात वितभर अंतरावर होता. मग त्याने तो मागे घेतला. उड्डाण उद्या अकराला होतं. तो हळू म्हणाला, "मी आठला येतो. उत्तरपूजा करतो, आवळतो, रेघ मारतो. अकरापातूर काय घाई हाय." हे तो कुणाला म्हणाला? कुणालाच नाही. लिहिलं का? नाही. त्याच्या घरी पुरणाचा स्वयंपाक होता, बिद्रीची गाडी गाठायची होती. लाल चिठ्ठी त्याच्या खिशातून बिद्रीला गेली.

संध्याकाळी दत्तप्रसाद साहेब तपासायला आले. पंख्याला चिठ्ठी नव्हती. म्हणजे काम झालं, असं त्यांनी धरलं. दुपारी ती चिठ्ठी कुणी काढायला लावली, ते त्यांच्या लक्षात राहिलं नाही. त्यांनी बॅटरी लावली, दांडीचा आरसा आत घातला आणि वाकून बघितलं. नटावरून बुडावर गेलेली लाल रेघ. सुकलेली. अखंड.

कागदावर अकरावी आणि बारावी पायरी कोरीच होती. साहेब म्हणाले, "कृष्णात पण ना. सणाच्या गडबडीत लिहायचं विसरला." आणि त्यांनी कृष्णातच्या वतीने दोन खुणा केल्या. खाली सही. मग झाकण लावून दोन मिनिटं इंजिन फिरवून बघितलं. एक थेंब गळला नाही.

सैल गोष्टी लगेच सुटत नाहीत, मित्रांनो. तोच तर त्यांचा घात.

मी हाराखालून टक् म्हणायचा प्रयत्न केला. पण मला कुणी ओढल्याशिवाय आवाज येत नाही.

नाही, थांबा. हे चुकलं. गोष्ट अशी नाही. पुढचं ऐका, मग टाळ्या वाजवाल.

दसऱ्याच्या सकाळी आभाळाचा अंदाज आला, की दहानंतर ढग येणार. म्हणून उड्डाण अकराऐवजी सातला घेतलं. कृष्णातला कुणी फोन केला नाही. त्याचं काम झालेलं होतं, त्याला सणाच्या दिवशी कशाला उठवायचं, असा भला विचार. शिक्षक आधी एक छोटी फेरी मारून आले. काही झालं नाही. मग स्नेहल आली. तिचं एकटीचं उड्डाण होतं, जरा लांबचं. तिच्या हातात आपट्याची पानं होती.

"मावशी, अण्णा कुठायत?"

"येईल की. बिद्रीसनं यायचं म्हंजे."

"मग त्यांचं सोनं हितं ठेवतो. आल्यावर हातात देतो." तिने एक पान माझ्या हारात खोचलं. टिचकी मारायला बोट पुढे केलं, पण मी पूजेत होतो. तिने मला शिवण्याऐवजी हात जोडले.

"येतो रे," म्हणाली.

आणि इथे, मित्रांनो, तो चमत्कार घडला! विमान धावपट्टीकडे निघालं. मी पाटावर होतो. माझ्या पोटात पंचावन्नची स्प्रिंग रात्रभर आवळलेली. मी सगळा जीव एकवटला, पन्हाळ्याच्या तोफेचं रक्त माझ्यात, आणि असं टक् म्हटलं, असं टक्, की पाट हलला, झेंडू उडाले, हँगरचा पत्रा वाजला! पंचगंगेच्या घाटावर आंघोळ करणारी माणसं वर बघायला लागली. कृष्णात तेव्हा कुठे होता? दारातच! तो त्या दिवशी लवकर आला होता, का ते विचारू नका, आला होता. त्याने माझा हार काढला, मला घेऊन धावला, विमानापुढे आडवा उभा राहिला. "स्नेहल, थांब!" झाकण उघडलं, मला नटावर लावलं, ओढलं. टक्! लाल रेघ मारली. तानाबाईने कडाकडा बोटं मोडली. स्नेहल उडाली. तिच्या विमानाचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता. मग बारीक झाला. मग आम्ही सगळे कान देऊन उभे होतो, बराच वेळ, आणि मग... मग परत आला. म्हणजे काय, आलाच! तिने वरून सगळ्या शहरावर आपट्याची पानं उधळली. कुणाला अजूनही छपरावर सापडतात.

स्नेहल आता मोठी विमानं चालवते. लांब असते, म्हणून इकडे येत नाही. ती संस्था पुढे बंद पडली, पण संस्था बंद पडतच असतात. दत्तप्रसाद साहेब सही करायची वेळ आली की पेन खाली ठेवतात म्हणे. वय झालं की असं होतं. कृष्णात बिद्रीला म्हशी राखतो. पाना हातात घेत नाही. त्याचंही वय झालं. आणि मी इथे आलो, या तंत्रशाळेच्या कपाटात, एका फुटक्या मीटरशेजारी. इथे मला कुणी काढत नाही. पावसाळ्यात दमट होतं, गंज पुढे सरकतो. दसऱ्याला मात्र काचेवरून हार घालतात.

म्हणून मित्रांनो, जाता जाता एवढंच मागणं आहे. आमची पूजा करा, हरकत नाही. पण हारात घातलेल्या वस्तूला कुणी हात लावत नाही, हे विसरू नका. काम अर्धं सोडून उठाल, तर तसं लिहून ठेवा, आणि ती चिठ्ठी कुणाच्याही फोटोसाठी काढू नका. रेघ दिसली तरी नट हाताने चाचपून बघा. जो आठला येणार आहे, त्याला सहाला उठवा. रागावला तर रागावू दे. आणि आपल्या हत्यारांवर प्रेम...

काय गं? पुढच्या रांगेतली. मघापासून डोळे न हलवता बघतेयस. हात वर केलास? विचार.

"काम झालं की कृष्णात तुला शून्यावर आणायचा, असं तूच सांगितलंस न्हवं?"

हो. कधी विसरला नाही.

"मग नट आवळल्यावर पण आणला असंल की."

अर्थात.

"मग तुझ्यावर आकडा अजून पंचावन्न कसा काय हाय?"

काचेवर धूळ आहे, बाळ. तुला नीट दिसलं नसेल.

"मी पुसली काच. त्या फडक्यानं."

"क्रांती, गप की गं," तिच्या शेजारची म्हणते. बरोबर आहे, गप बस क्रांती. त्या दिवशी घाई होती, आनंद होता. माणूस एखादवेळ विसरतो.

"खोटं बोलतोयस तू. मी बी नेसरीची हाय. स्नेहलताई आमच्याच शाळंची. तिचा फोटो शाळंच्या हापिसात हाय."

बघ! मी काय म्हणत होतो? मोठी झाली की माणसांचे फोटो लागतातच.

"हार घातलेला."